सूर्य सुस्थितीत असल्याचा दाखला

चौतीस वर्षं मी अकोल्याच्या वेधशाळेत सूर्याची हजेरी घेतली. फुशारकी मारत नाही, नोकरीच तशी होती. आमच्या मैदानातल्या चौथऱ्यावर मोठ्या संत्र्याएवढा भरीव काचेचा गोळा बसवलेला आहे. त्याच्या मागच्या खाचेत पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवायची. ऊन पडलं की काचेतून किरण एकवटतात आणि पट्टी जळू लागते. सूर्य जसजसा सरकतो तसतशी जळकी रेघ पुढं जाते, ढग आला की तुटते. दिवस मावळला की पट्टी काढायची, रेघ मोजायची, मागे तारीख टाकायची आणि फायलीला लावायची. सूर्य स्वतःच सही करून जातो, आपण फक्त कागद जपायचा.

दुसरं काम तापमानाचं. पांढऱ्या झरोक्यांच्या लाकडी पेटीत तापमापक टांगलेले असतात. नवख्या माणसाला ती मधमाश्यांची पेटी वाटते आणि तो लांबूनच बोलतो. तापमान नेहमी सावलीतलं मोजतात, हे मी किती जणांना समजावलं असेल त्याची गणती नाही, आणि किती जणांना पटलं ते मात्र मोजता येईल. त्रेचाळीस म्हटलं की समोरच्याला फसवल्यासारखं वाटायचं. सावलीत कोण मरते बाई, आम्हाला उन्हातलं सांगा, असं लोक म्हणायचे. त्यात माझं घर अमरावतीला. शनिवारी एसटीने जायचं, सोमवारी पहाटे परत यायचं. एखाद्या दिवशी अमरावतीचा पारा अकोल्यापेक्षा वर गेला की चहाच्या टपरीवर माझ्याकडे संशयाने बघत. अकोल्याला हा मान दुसऱ्या गावाला गेलेला खपत नाही. आमच्या समोरच्या रस्त्यावरचे कूलरवाले गोपालशेठ तर मार्चपासून रोज फोन करायचे आणि आकडा कमी निघाला की, एकदा पुन्हा पाहता का मॅडम, असं अगदी नम्रपणे विचारायचे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात, डिसेंबर संपता संपता, बातमी आली की एक यान सूर्याच्या इतकं जवळून गेलं जितकं माणसाने बनवलेलं काहीच आजवर गेलं नव्हतं. आमच्या कार्यालयाचा त्या यानाशी संबंध एवढाच, की दोघांचंही काम उन्हातलं. पण लोकांनी ते आमच्याच खात्यात धरलं. एका निवृत्त तलाठ्यांनी फोन करून विचारलं की यानाने थोडं काही बरोबर आणलं आहे का, आणि आणलं असल्यास ते बघायला कुठे ठेवणार आहेत. टपरीवाल्याचं मत पडलं की यान थंडीत गेलं म्हणून वाचलं, मे महिन्यात गेलं असतं तर कळलं असतं. एका शाळेने मला व्याख्यानाला बोलावलं. बातमी सगळीकडे 'यान सूर्याला शिवून आलं' अशा शब्दांत पसरली होती. मी तासभर बोलले, फळ्यावर चित्रं काढली, आणि शेवटी दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, सूर्य कुठं फाटला होता?"

सगळ्यात खोलात गेले ते गोपालशेठ. यानाच्या पुढे साडेचार इंच जाडीची ढाल आहे आणि ढालीपुढे चांदी वितळेल अशी आग असली तरी तिच्या मागे आपल्या खोलीइतकंच तापमान असतं, हे मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, पाण्याची काही व्यवस्था? मी वाचलं होतं ते सांगितलं, की वीज तयार करणाऱ्या पट्ट्या थंड राहाव्यात म्हणून त्यांच्यातून पाणी खेळवलेलं आहे. गोपालशेठांनी फोनवरच नमस्कार केला असावा, असा आवाज आला. "म्हंजे कूलरच हाय नं बाप्पा," ते म्हणाले. त्या उन्हाळ्यात त्यांच्या दुकानावर सूर्याकडे झेपावणाऱ्या यानाचं चित्र लागलं. खाली वाळ्याच्या ताटीचा कूलर.

एवढ्यावर ते थांबलं असतं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. एप्रिलमध्ये पुरुषोत्तमभाऊ आले.

ते चांदूर बाजारकडचे, झेंडू आणि शेवंतीचं शेत असलेले. अमरावतीला गाडी बदलून अकोल्याला पोचले होते. फाटकाशी उभे राहून त्यांनी आधी पाटी पूर्ण वाचली आणि मग मला विचारलं, "बाई, वेध इथंच लागतात काय?"

मी म्हटलं, "इथं वेध घेतात."

"मंग काढा लागते कोठी?"

मला वाटलं माणूस चुकून आला आहे. त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, तेव्हा हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या मुलीचं, निकिताचं, लग्न ठरलं होतं. मुलगा अमोल, नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याची आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलेला. पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्न दोन आठवड्यांवर, अमरावतीला, दुपारी बारा वीसचा मुहूर्त. आणि आता आत्याबाई अडून बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की यान सूर्याला शिवलं. ग्रहणात नुसती सावली पडते तरी वेध पाळतात, इथे तर प्रत्यक्ष शिवाशिव झाली. अशा सूर्याच्या साक्षीने भर दुपारी अक्षता टाकायच्या नाहीत. बरं, शांत होईपर्यंत थांबू म्हणावं, तर त्यांच्या मोबाइलवर कोणीतरी पाठवलं होतं की ते यान दर तीन महिन्यांनी पुन्हा सूर्याजवळ येतं.

"म्हंजे सालभर वेध," पुरुषोत्तमभाऊ म्हणाले. "पोरीचं लगन करावं तं केव्हा?"

मुलीने वेगळंच टोक गाठलं होतं. आज या घरात सूर्य आडवा आला, उद्या चंद्र येईल, मला तिथे द्यायचंच नाही, असं तिने बापाला सांगून टाकलं होतं. अमोल दोन्हीकडे फोन करून रडकुंडीला आला होता. तेव्हा गावातल्या कोणीतरी सुचवलं की वेधांचं सरकारी कार्यालय अकोल्याला आहे, तिथून दाखला आणा. त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. अर्ज टाइप केलेला होता आणि त्यावर विषय असा होता: सूर्य सुस्थितीत असल्याचा दाखला मिळणेबाबत.

आमच्याकडून दाखले जातात, हे खरं आहे. अमुक दिवशी किती पाऊस पडला, वारा किती होता, असं लिहून द्यावं लागतं, कधी विम्यासाठी, कधी कोर्टासाठी. पण हा विषय नवा होता. मी अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेब दोनच महिन्यांपूर्वी पुण्याहून बदलून आलेले. वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की बाहेर भांडण लागलं आहे असं समजून ते खुर्चीतून अर्धे उठायचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि त्यावर शेरा मारला, सूर्य ही बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.

पुरुषोत्तमभाऊंनी तो शेरा शांतपणे वाचला आणि विचारलं की मग ती कोणाच्या अखत्यारीत येते, तहसीलदाराच्या का? साहेब नाही म्हणाले. कलेक्टरच्या? साहेब पुन्हा नाही म्हणाले. भाऊ वर वर चढत मंत्रालयापर्यंत पोचले तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंना मैदानात घेऊन गेले.

तिथे मी त्यांना काचेचा गोळा दाखवला. त्या दिवसाची पट्टी जळत होती, बारीक धूर निघत होता. त्यांनी हात जोडले. मग मी फायलीतून यान जवळून गेलं त्या दिवसाची डिसेंबरची पट्टी काढली आणि शेजारी आदल्या दिवशीची एप्रिलची ठेवली. ही माझी चूक झाली. डिसेंबरची रेघ बोटभर कमी होती.

भाऊंचा चेहरा उतरला. "कमी झाला म्हना नं," ते म्हणाले.

हिवाळ्यात दिवसच लहान असतो, हे शेतकऱ्याला सांगायची वेळ माझ्यावर आली. त्यांना ते ठाऊक होतंच, पण त्या क्षणी त्यांचा कशावरच विश्वास राहिला नव्हता. मी आदल्या वर्षीची त्याच तारखेची पट्टी शोधून काढली. दोन्ही रेघा एकमेकींशेजारी लावल्या. त्यांनी नखाने मोजल्या, डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. फरक नव्हता. मग त्यांनी अस्सल पट्टीच मागितली. ती सरकारी नोंद असते, देता येत नाही, असं मी सांगितलं. ठीक आहे म्हणाले, आणि कडुलिंबाखाली बसून त्यांनी डबा सोडला. त्यांच्या बसण्यात राग नव्हता. जिथे काम आहे तिथे बसायचं, एवढंच.

तीन वाजता साहेब स्वतः बाहेर आले. नोंदीचा दाखला द्यायला नियमात हरकत नाही, असं त्यांनी शोधून काढलं होतं. मसुदा मी लिहिला. अमुक दिवशी या केंद्रावर सूर्यप्रकाशाची नोंद नेहमीप्रमाणे झाली. साहेबांची 'नेहमीप्रमाणे'ला हरकत होती, तो शब्द मोजता येत नाही म्हणून. भाऊंना मात्र बाकीचं सगळं गेलं तरी चालणार होतं, तो एक शब्द पाहिजे होता. शेवटी साहेबांनी सही केली. शिक्का मारण्याआधी त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला.

दाखला घेऊन भाऊ गेले, आणि शुक्रवारी त्यांचा फोन आला. आत्याबाईंनी कागद वाचला, घडी केली आणि सांगितलं की हा कागद अकोल्याचा आहे, लग्न अमरावतीला आहे. तेवढ्यावर ते खचले होते. निकिताने आपलं सामान कपाटात परत लावून टाकलं होतं. मी तसंही रविवारी अमरावतीला असणार होते. मी म्हटलं, मी जाऊन बोलते. हे माझं काम नव्हतं. पण चौतीस वर्षांत माझा एखादा आकडा कोणी इतका मनावर घेतला नव्हता, आणि तो कागद नापास झाला याचं मला वाईट वाटलं होतं.

कौसल्याबाई, म्हणजे अमोलच्या आत्या, सत्तरीच्या पुढच्या, सडसडीत, नजर तीक्ष्ण. घर दोन खोल्यांचं पण लखलखीत. मला त्यांनी कूलरसमोर बसवलं आणि स्वतः बाजूला, वारा लागणार नाही अशा बेताने बसल्या. पुरुषोत्तमभाऊ दाराशी उभे. मी पट्टीपासून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी अंतराकडे वळले. हा हिशेब मी बसमध्ये येताना करून ठेवला होता. पृथ्वीपासून सूर्य जितका लांब आहे ते अंतर म्हणजे अमरावती ते अकोला धरा, शंभर किलोमीटर. अमरावतीहून निघालेलं यान कुठपर्यंत पोचलं? अकोल्याच्या अलीकडे चार किलोमीटर. शिवलं कुठे?

"मंग शिवलं म्हनून काहून लिवतात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सूर्याभोवतीचं जे तप्त आवरण असतं, त्याच्यातून ते गेलं, म्हणून तसं म्हणतात. बाहेरचं अंगण म्हणा. त्यांनी मान डोलावली. अंगणात कोणी आलं म्हणून घर विटाळत नाही, असं पुरुषोत्तमभाऊ दारातून बोलले, आणि मला वाटलं, जमलं.

कौसल्याबाईंनी भाऊंना चहाचं दूध आणायला पाठवलं. ते गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमी इतकी वर्सं ऊन मोजलं. मंग सांगा, दुपारी बारा वाजता मांडवात किती असते?"

मी सवयीने सांगायला लागले की तापमान सावलीत मोजतात, आणि मध्येच थांबले. कापडी मांडव, खाली गाद्या, बाजूला गॅसच्या शेगड्या, वर दिवे, चारशे माणसं. मी म्हटलं, आमच्या पेटीत त्रेचाळीस असेल तर तिथे किती, ते मी कधी मोजलं नाही.

"मी मोजलं हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी सरळ आवाजात सांगितलं. मागच्या वैशाखात नात्यातल्याच एका लग्नात त्या व्यासपीठावर उभ्या होत्या. दुपारचा मुहूर्त लांबला. त्यांना गरगरलं, ओकारी झाली ती नेमकी नव्या विहीणबाईंच्या पैठणीवर, आणि त्या खाली पडल्या. डॉक्टरने ऊन लागलं म्हणून सलाइन लावलं. पण तिथला एक कॅमेरा चालूच होता. पुढचे दोन महिने ते पडणं नात्यातल्या सगळ्या मोबाइलवर फिरलं. अमोलच्या लग्नाची बोलणी चालली असताना, आतल्या खोलीत नात्यातले दोघं बोलत होते ते त्यांनी ऐकलं. बुढीला या वेळी घरीच ठेवू, कूलरमध्ये बसू दे, व्हिडिओवर दाखवू.

"त्याले तीन वर्साचा होता तवापासून सांभायलं," त्या म्हणाल्या. "आन मी त्याचं लगन व्हिडिओवर पाहू काय?"

मग ऊन सोसत नाही, मुहूर्त बदला, असं सरळ का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही. सरळ सांगितलं असतं तर मुहूर्त बदलला नसता, त्यांनाच घरी ठेवलं असतं, एवढं मलाही कळलं. सूर्याला कोणी घरी ठेवू शकत नाही, म्हणून त्यांनी त्याला पुढे केलं होतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. दर उन्हाळ्यात आमच्याकडून सूचना जाते की दुपारी बारा ते चार उन्हात जाणं टाळा. ती सूचना मी स्वतः शेकडो वेळा फोनवर वाचून दाखवली, आणि शेकडो पत्रिका दुपारच्या मुहूर्ताच्या घरी आल्या तेव्हा हौसेने गेलेही. दोन गोष्टी एकत्र आणाव्यात असं कधी सुचलं नाही.

पुरुषोत्तमभाऊ दूध घेऊन आले तेव्हा मी त्यांना कार्यालयाच्या आवाजात सांगितलं. आत्याबाईंचा सूर्याबद्दल आता काही आक्षेप नाही. आक्षेप वेधशाळेचा आहे. उष्णतेची सूचना निघणार आहे आणि तिच्यात दुपारी बाराचं लग्न बसत नाही. संध्याकाळचा गोरज मुहूर्त धरा. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, कौसल्याबाईंकडे पाहिलं. दूध त्यांच्या हातातच होतं. मग ते म्हणाले की दुपारी झेंडू कसा मान टाकतो हे आपल्याला माहीत असून आपण बारा वीस कबूल केलाच कसा. भटजींना फोन लावला. त्यांना गोरज मुहूर्त सापडायला पाच मिनिटं लागली. निकिताने मात्र दोन दिवस घेतले. तिला कौसल्याबाईंनी स्वतः फोन केला. काय बोलल्या ते कोणी सांगितलं नाही, पण सामान पुन्हा कपाटाबाहेर निघालं.

लग्नाला मला मानाचं बोलावणं होतं, आणि वऱ्हाडाला ठाऊक होतं की मुहूर्त माझ्यामुळे बदलला. आता त्या दिवसाबद्दल. सकाळपासून आभाळ भरून आलं. दुपारी बारा वाजता इतकी सुखाची हवा होती की लोक मांडवात स्वेटरची आठवण काढत होते. साडेबाराला मी बाहेर उभी होते तेव्हा तिघांनी येऊन मला आजचं तापमान विचारलं. आणि संध्याकाळी, अंतरपाट धरलेला असताना, असा वादळी वारा सुटला की मांडवाचं एक टोक उचललं, पुरुषोत्तमभाऊंनी शेतातून आणलेल्या झेंडूच्या माळा तुटून चारशे माणसांवर उडाल्या आणि भटजींची पोथी स्वयंपाकाच्या दिशेने गेली. साहेबही पुण्याहून आलेल्या पत्नीला घेऊन आले होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

मंगलाष्टकं कशीबशी पुरी झाली. व्यासपीठावर अमोलच्या मागे, पदर कमरेला खोचून, एका हाताने मांडवाचा खांब धरून कौसल्याबाई उभ्या होत्या. वारा त्यांच्या तोंडावर येत होता आणि त्या हसत होत्या. कॅमेरेवाल्याने नेमकं तेच टिपलं. नंतर ते सगळ्या मोबाइलवर फिरलं आणि या वेळी ते त्यांनीच पाठवलं, मलाही.

जेवायला त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं. पलीकडच्या पंगतीत भाऊ कोणाला तरी समजावत होते की यान अकोल्याच्या अलीकडे चार किलोमीटरवर बंद पडलं. मी दुरुस्त करायला उठणार होते, पण कौसल्याबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना काही विचारायचं होतं.

"थे परत येनार हाय काय?"

मी म्हटलं, नाही. तिथेच फेऱ्या मारत राहील.

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "त्याच्यात मानूस होता?"

"नाही. कोणीच नव्हतं. नुसतं यंत्र."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कोनी माय वाट पाहून नाई राहिली म्हंजे."

मग त्यांनी वाढणाऱ्याला हाक मारली आणि माझ्या ताटाकडे बोट दाखवून, बाईला वरण आण म्हणून सांगितलं.